एफ-होल मँडोलिनला पिकअप आणि प्रीअॅम्प: जोडी कशी जमवायची?

चारजोड_तारा

नमस्कार मंडळी. ए-स्टाइल मँडोलिन आहे. कमानदार वरची फळी, एफ-होल, सरकती घोडी, उंची चाकांनी कमीजास्त होणारी. तारा ०.०११ ते ०.०४० इंचांच्या, फॉस्फर ब्राँझच्या. वाजवणं मुख्यतः सुगम संगीताच्या कार्यक्रमांत. सोबत हार्मोनियम, तबला-ढोलकी, की-बोर्ड आणि बऱ्याचदा ऑक्टोपॅड.

सध्या समोर शुअरचा एसएम५७ माइक असतो. बंद सभागृहात भागतं. मंडपात मात्र ऑक्टोपॅड सुरू झाला की मॉनिटरमधून स्वतःचं वाजवणं ऐकू येत नाही, आणि मॉनिटर चढवला की फीडबॅक. चिमट्याने लावायचा साधा पीझो (कंपनापासून वीज करणारा पिकअप) मिक्सरच्या लाइन इनपुटला लावून पाहिला, तर आवाज पत्र्यासारखा, जी आणि डीच्या तारांना अंगच नाही.

विचारायचं हे:
कोणत्या जातीचा पिकअप घ्यावा? साउंडवाल्याकडे पॅसिव्ह डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी, वीज न लागणारी डबी) असतो, तो असताना वेगळा प्रीअॅम्प (सिग्नल आधी वाढवून घेणारं यंत्र) लागतोच का? आणि शक्यतो वाद्याला भोक पाडायचं नाही, तर जॅक कुठे बसवतात?

---

ओहम_आणि_ओम

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

पीझो पिकअप विजेच्या दृष्टीने म्हणजे छोटा कपॅसिटर. तो ज्या इनपुटला जोडाल त्याचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) आणि हा कपॅसिटन्स मिळून एक हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक वारंवारतेच्या (कट-ऑफच्या) खालचा आवाज कापणारी चाळणी, तयार होतो. इम्पीडन्स जितका कमी, तितका खालचा आवाज जास्त कापला जातो. हिशोब सोपा आहे:

कट-ऑफ हर्ट्झमध्ये = १५९ ÷ (इनपुट मेगओहम × कपॅसिटन्स नॅनोफॅरॅड)

कपॅसिटन्समध्ये केबलचाही धरायचा. साधारण केबलचा मीटरला १०० पिकोफॅरॅड होतो. समजा पिकअप १ नॅनोफॅरॅडचा आणि केबल ३ मीटर, म्हणजे एकूण १.३. आता बघा:

मिक्सरचा लाइन इनपुट, १० किलोओहम: कट-ऑफ १२,००० हर्ट्झच्या वर
पॅसिव्ह डीआय, साधारण १४० किलोओहम: ८७० हर्ट्झच्या आसपास
स्वस्त अॅक्टिव्ह डीआय, २५० किलोओहम: ४९०
१ मेगओहम: १२२
१० मेगओहम: १२

मँडोलिनच्या सुट्या तारा जी १९६, डी २९४, ए ४४० आणि ई ६५९ हर्ट्झ. म्हणजे असा पिकअप पॅसिव्ह डीआयला लावलात तर जीचा मूळ सूर १३ डेसिबलने बसतो आणि ईचा फक्त चार-साडेचारने. १ मेगओहमवर जीचं नुकसान दीड डेसिबलच्या आत राहतं. मँडोलिनला तेवढं पुरतं. १० मेगओहमचा प्रीअॅम्प मिळाला तर घ्या, पण केवळ त्या आकड्यासाठी दुप्पट पैसे घालू नका. गिटारची खालची ई ८२ हर्ट्झवर असते, तिथे तो फरक जास्त जाणवतो.

जॅक-टू-एक्सएलआर केबल करून थेट माइक इनपुटला लावणं तर नकोच. तिथे इम्पीडन्स दीड-दोन किलोओहम असतो, शिवाय फँटम (मिक्सरकडून माइकला जाणारी वीज) चालू राहिला तर ४८ व्होल्ट थेट पिकअपवर येतात.

आता एक काम करा. कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर घ्या, चिमट्याच्या पिकअपची पिन त्याच्या केबलसकट टोक आणि दांड्याच्या मध्ये मोजा आणि आकडा इथे टाका. पिकअपमध्ये बॅटरी नसेल तरच हे मोजमाप खरं येतं.

---

चारजोड_तारा

बॅटरी नाही. केबलसकट १४ नॅनोफॅरॅड दाखवतो. हा जास्त आहे का?

---

ओहम_आणि_ओम

जास्त आहे आणि ते तुमच्या फायद्याचं आहे. आत पितळी चकती असणार. २७ मिलिमीटरची चकती साधारण २० नॅनोफॅरॅडची असते, लहान चकत्या त्याहून कमी.

हिशोब करा: लाइन इनपुटवर १५९ ÷ (०.०१ × १४) म्हणजे ११०० हर्ट्झच्या वर. म्हणून पत्रा. त्याच साउंडवाल्याच्या पॅसिव्ह डीआयवर १५९ ÷ (०.१४ × १४) म्हणजे ८१ हर्ट्झ. सगळ्या तारा त्याच्या वर. तेव्हा हाच पिकअप पुढच्या वेळी डीआयमधून लावून बघा, जी-डीला अंग येईल. जो कर्कशपणा उरेल तो जागेचा आणि चकतीचा. मोठ्या चकतीची स्वतःची घुमण्याची वारंवारता ४ किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि प्लेक्ट्रमची टकटक नेमकी तिथेच पडते. हेडस्टॉकवर चिमटा लावलात तर लाकडाचा आवाज जवळजवळ येतच नाही.

म्हणून 'पीझोला पॅसिव्ह डीआय चालत नाही' हा सरसकट नियम धरू नका. पिकअप मोजायचा, भागाकार करायचा, मग ठरवायचं. दुकानदार ब्रँड सांगेल, हा आकडा सांगणार नाही.

---

डेस्कमागून_कोल्हापूर

आता पिकअपची जात. तुमच्या वाद्याला चार रस्ते आहेत आणि मंडपात ऑक्टोपॅड आहे हे धरूनच निवडायला हवं.

घोडीतच पीझो असलेले पिकअप, उदाहरणार्थ फिशमनचा एम-१००. मूळ घोडी काढून ही घोडी बसवतात. ताराचं कंपन थेट मिळतं, फळीचं कमी, त्यामुळे फीडबॅकला बराच कणखर. आवाज थोडा कोरडा, 'टक्' जास्त.

फळीला आतून चिकटवायचे, उदाहरणार्थ के अँड केचा मँडोलिन ट्विन. घोडीच्या दोन पायांखाली दोन चकत्या. लाकडाचा आवाज उत्तम येतो, पण फळी जे ऐकते ते सगळं हाही ऐकतो. मॉनिटर जोरात असेल तर २०० हर्ट्झच्या आसपास गुणगुणायला लागतो.

मॅग्नेटिक. फीडबॅकला चांगला, पण ब्राँझ गुंडाळलेल्या जी-डी त्याला नीट दिसत नाहीत, कारण ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही, फक्त आतली पोलादी तार देते. ए आणि ई मग डोईजड होतात. निकेलच्या किंवा स्टेनलेस फ्लॅटवाउंड तारा लावाव्या लागतात आणि आवाज इलेक्ट्रिकच्या अंगाने जातो. यू. श्रीनिवास यांच्या वादनासारखा आवाज हवा म्हणून काही जण अकूस्टिकला हा पिकअप लावतात. त्यांचं वाद्य सॉलिड बॉडीचं, एकेरी पाच तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन होतं. ते गणित इथे लागू पडत नाही.

चौथा, वाद्यावर चिमट्याने बसणारा कंडेन्सर माइक, उदाहरणार्थ डीपीएचा ४०९९. आवाज सर्वांत खरा. पण एसएम५७ने जिथे हात टेकले तिथे हाही फार पुढे जाणार नाही.

माझं मत: महिन्यातले बहुतेक कार्यक्रम मंडपात असतील तर घोडीतला पीझो. सभागृहं जास्त असतील तर फळीखालचा. 'आवाज गोड' एवढ्यावर फळीखालचा घेऊन मग प्रत्येक ठिकाणी इक्वलायझरने त्याचा खालचा भाग कापत बसायचं, यात तो गोडवा शिल्लक राहत नाही.

प्रीअॅम्पमध्ये तीन गोष्टी बघा, बाकी शोभा: फेज (सिग्नलची दिशा) उलटवायचं बटण, फिरवता येणारा नॉच फिल्टर (एकच अरुंद पट्टा कापणारा), आणि बॅलन्स्ड एक्सएलआर (माइकच्या केबलसारखा तीन पिनांचा) आउट. एल. आर. बॅग्जच्या पॅरा डीआयमध्ये तिन्ही आहेत, इनपुट १० मेगओहम आहे, ९ व्होल्टची बॅटरी किंवा मिक्सरचा फँटम दोन्हींवर चालतो. फिशमनचा प्लॅटिनम प्रो ईक्यू त्याच पंक्तीतला. ऑडिओ स्प्रॉकेट्सचा टोनडेक्स्टर वेगळ्या वाटेने जातो: घरी माइक लावून वाद्य एकदा त्याला 'शिकवायचं', मग स्टेजवर पीझोच्या आवाजावर तो माइकचा रंग चढवतो. महाग आहे. आधी वरच्यापैकी एकावर हात बसू द्या.

---

घोडी_आणि_फळी (पणजी)

बसवण्याबद्दल लिहितो, कारण चांगला पिकअप वाईट बसवला की दोष पिकअपवर जातो.

घोडीचा पिकअप. आठ ताराचा एकूण ताण ७०-८० किलोच्या आसपास असतो आणि सरकती घोडी फक्त त्या दाबावर उभी असते. सगळ्या तारा एकदम सोडू नका. आधी जुन्या घोडीच्या चारी बाजूंना मास्किंग टेपच्या पट्ट्या लावून जागा पक्की करा. नवी घोडी तशीच ठेवली तर पायाचे टोकच टेकतात आणि मधे फट राहते. अशा वेळी तारांच्या एखाद-दुसऱ्या जोडीचा आवाज बाकीच्यांपेक्षा निम्मा येतो आणि लोक प्रीअॅम्प बदलतात. उपाय: घोडीच्या जागेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर, खरखरीत बाजू वर, टेपने ताणून चिकटवायचा आणि घोडीचा पाय त्यावर नेहमी एकाच दिशेने, वाद्याच्या लांबीत, घासायचा. शेवटी २२०. पायाखाली साधा कागद सरकत नाही अशी बैठक झाली की थांबा. तारा चढवल्यावर बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मॉनिक जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी टेलपीसकडे, उतरा असेल तर मानेकडे. घोडी सरकवताना पाय उचलून नाही, दोन्ही हातांनी उभी धरून.

फळीखालचा. एफ-होलमधून बोट आत जात नाही, हीच खरी अडचण. आधी दोन्ही चकत्या बाहेरून, घोडीच्या पायाला लागून, दुहेरी टेपने चिकटवून वाजवून बघा. जागा पटली की मगच आत. आत न्यायला वाकवलेली जाड तार, टोकाला रबराचा तुकडा, त्यावर चकती दुहेरी टेपने हलकी धरायची आणि सायनोअॅक्रिलेटचा जेल प्रकार एक थेंब. पातळ सुपरग्लू नको, तो ओघळून भलतीकडे जातो. बाहेरून घोडीच्या पायाची जागा पेन्सिलच्या टोकाने हलकी टकटक करून आतल्या चकतीशी जुळवा, एक मिनिट दाबून धरा. फोनचा छोटा इन्स्पेक्शन कॅमेरा मिळाला तर काम अर्ध्या वेळेत होतं.

दोन चकत्यांची दिशा एकच हवी. एक उलटी जोडली गेली की दोघींचा खालचा आवाज एकमेकींना खाऊन टाकतो आणि सगळं पोकळ ऐकू येतं. ओळखायचं कसं? दोन्ही जोडलेल्या असताना घोडीच्या मधोमध बोटाने ठोका. मग एक सोडवून पुन्हा ठोका. एकटीचा आवाज दोघींपेक्षा भरदार आला तर एकीच्या वायरी उलट करा.

जॅक. भोक नको असेल तर कारपेंटर जातीचा जॅक मागा. व्हायोलिनच्या हनुवटीच्या पट्टीसारखा तो दोन स्क्रूंनी टेलपीसजवळ बाजूला आवळला जातो. दोन्ही जबड्यांना बुच असायला हवं आणि स्क्रू बोटाच्या जोरानेच आवळा, कडेची पट्टी दबते. एंडपिन जॅक घालायचा ठरलाच तर १२.७ मिलिमीटरचं भोक ड्रिलने एकदम पाडू नका. आधीच्या पिनचं भोक रीमरने हळूहळू मोठं करा, भोवती टेप लावून. ड्रिलचं पातं तिथे अडकलं की फळीच्या कडेचं पॉलिश उडतं.

---

चारजोड_तारा

कागदाची परीक्षा फारच उपयोगी आहे, धन्यवाद. कार्यक्रम मंडपातच जास्त असतात, तेव्हा घोडीतला पीझो आणि कारपेंटर जॅक असं ठरवतोय. प्रीअॅम्पसाठी थोडं थांबावं लागेल. तोपर्यंत घरी एखादा बफर (पीझोला मोठा इम्पीडन्स देणारं छोटं सर्किट) बनवता येईल का? झाळणं जमतं.

---

ओहम_आणि_ओम

बनवा, सोपा आहे. टीएल०७२ आयसीचा अर्धा भाग बफर म्हणून वापरायचा.

इनपुटवरून १० नॅनोफॅरॅडचा फिल्म कपॅसिटर आयसीच्या पिन ३ वर. पिन ३ वरून ४.७ मेगओहमचा रेझिस्टर अर्ध्या व्होल्टेजच्या बिंदूवर. तो बिंदू १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर ९ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये लावून मिळतो, त्याला ४७ मायक्रोफॅरॅडने ग्राउंडशी शांत करा. पिन २ आणि पिन १ एकमेकांना जोडा. पिन १ वरून १ किलोओहम, मग १० मायक्रोफॅरॅड, धन बाजू आयसीकडे, मग आउटपुट. आउटपुटवर १०० किलोओहम ग्राउंडला, नाहीतर प्लग लावताना धप्प होतं. पिन ८ ला ९ व्होल्ट, पिन ४ ग्राउंड, आणि दोन्हींच्या मध्ये आयसीला चिकटून १०० नॅनोफॅरॅड. उरलेला अर्धा मोकळा सोडू नका: पिन ५ अर्ध्या व्होल्टेजवर, ६ आणि ७ एकमेकांना.

इनपुटला स्टीरिओ जॅक वापरा आणि बॅटरीची ऋण वायर त्याच्या रिंगला लावा. मोनो प्लग घातला की रिंग ग्राउंड होते आणि सर्किट चालू, काढला की बंद. आयसी सुमारे ३ मिलिअँपिअर घेतो, चांगली अल्कलाइन बॅटरी दीडशे तासांच्या आसपास जाते. डबा धातूचा आणि ग्राउंडला जोडलेला. प्लॅस्टिकच्या डब्यात ५० हर्ट्झचा गुंजारव पकडणारच.

कोकण-गोव्याकडे वाजवत असाल तर एक गोष्ट विसरू नका: पिन ३ च्या आजूबाजूचा फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून काढा. मेगओहमच्या जागी राहिलेला फ्लक्स पावसाळ्यात ओल धरतो आणि मग चरचर सुरू होते. ती चरचर वाऱ्यावर कमीजास्त होते म्हणून लोक केबलवर संशय घेतात.

हा बफर वाद्याच्या जवळ, पट्ट्याला अडकवा. पीझोपासून बफरपर्यंतची केबल दीड-दोन मीटरच ठेवा. उच्च इम्पीडन्सवर केबल हलली तरी ठप्प असा आवाज येतो. बफरच्या पुढे मात्र पॅसिव्ह डीआय बिनधास्त लावा. आता त्याला चालवणारा स्रोत एक किलोओहमचा आहे.

---

डेस्कमागून_कोल्हापूर

साउंड चेकला या क्रमाने जा. आधी गेन: सगळ्यात जोराचा चॉप (तारा लगेच दाबून तोडलेला ठोका) वाजवा आणि लाल दिवा लागणार नाही इतकाच ठेवा. पीझोचा पहिला झटका फार उंच असतो, तो प्रीअॅम्पच्या पहिल्याच टप्प्यात कापला गेला की पुढचा कोणताही इक्वलायझर तो सुधारत नाही. मग हाय-पास १२०, जमल्यास १५० हर्ट्झवर. जी १९६ वर आहे, खाली तुमचं काही नाही, फक्त स्टेजची धडधड आणि ५० हर्ट्झ आहेत. मग मॉनिटर हळू चढवा. गुणगुण सुरू झाली की आधी फेजचं बटण दाबून बघा, अनेकदा तेवढ्यानेच तीन-चार डेसिबल जागा मिळते. उरलं तर नॉच. वाद्याची पोकळी कुठे घुमते ते आधीच घरी शोधून ठेवा: एफ-होलजवळ तोंड नेऊन खालून वर सूर गुणगुणत जा, ज्या सुरावर वाद्याच्या पाठीवरच्या हाताला कंप लागतो तोच. ट्यूनरवर नाव बघा, नॉच तिथे.

कर्कशपणासाठी २ ते ३ किलोहर्ट्झवर तीन डेसिबल कमी करा. टोकाचा तजेला ८ च्या वर थोडा द्या. नॉइज गेट कधीच लावू देऊ नका, ट्रेमोलोचं विरत जाणारं टोक तो कापतो. प्लेक्ट्रम १.२ ते १.५ मिलिमीटर, गोल टोकाचं घेतलंत तर इक्वलायझरचं निम्मं काम हातातच होतं.

एसएम५७ काढून टाकू नका. मॉनिटरमध्ये फक्त पिकअप, आणि बाहेरच्या स्पीकरमध्ये पिकअपसोबत थोडा माइक. माइक वाद्यापासून १५ सेंटिमीटर असेल तर त्याचा आवाज ०.४४ मिलिसेकंद उशिरा येतो आणि दोन्ही सारख्या पातळीवर मिसळले तर ११०० हर्ट्झच्या सुमारास खड्डा पडतो. डिजिटल मिक्सर असेल तर पिकअपच्या चॅनलला तेवढा विलंब द्या. नसेल तर माइकची पातळी पिकअपच्या बरीच खाली ठेवा.

---

घोडी_आणि_फळी (पणजी)

एक राहिलं. गुंजारव कमी करायला टेलपीसला ग्राउंडची वायर जोडतात. त्याने फरक पडतो. पण मग तुमचा हात तारांमार्फत सतत साउंडच्या ग्राउंडला लागलेला असतो. मंडपात जनरेटर असेल आणि अर्थिंग नसेल, तर गाता गाता ओठ दुसऱ्या लाइनवरच्या माइकला लागले की झटका बसू शकतो. डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट (ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) गुंजारवासाठी आहे, यापासून वाचवत नाही. सगळं साउंड एकाच, अर्थिंग तपासलेल्या लाइनवर आहे का ते साउंडवाल्याला विचारा आणि निऑन टेस्टर टेलपीसला लावून बघा. दिवा मिणमिणला तरी प्लग काढा, लाइन दुरुस्त होईपर्यंत नुसत्या माइकवर वाजवा.

---

चारजोड_तारा

टेस्टर केसमध्येच ठेवतो. घोडी बसवली की केबलसकट कपॅसिटन्सचा आकडा इथे टाकेन.